ओएसपीएफ नेबर जुळत नाही, किंवा जुळून पुन्हा पुन्हा तुटतो : स्टेट वाचून दोष कसा शोधायचा

लक्षणे साधारण अशी असतात. दोन राउटर, मध्ये एक केबल किंवा एक व्हीलॅन, पिंग व्यवस्थित जातो, तरी ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) नेबर, म्हणजे त्याने ओळखलेला शेजारचा राउटर, दिसत नाही. किंवा दिसतो, काही मिनिटे टिकतो आणि पडतो. प्रोसेस क्लिअर केली, इंटरफेस बंद-चालू केला की तात्पुरते बरे होते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

पिंग जातो म्हणून लिंक निर्दोष, असे मानू नका. पिंग हा युनिकास्ट आयसीएमपी, आणि बहुतेक राउटरवर डीफॉल्ट आकाराचा पिंग १०० बाइटच्या आसपास असतो. ओएसपीएफचे हॅलो पॅकेट (नेबर ओळखायला ठरावीक अंतराने पाठवलेले) मल्टिकास्टने २२४.०.०.५ या पत्त्यावर जाते, टीटीएल १ असतो आणि ते टीसीपी किंवा यूडीपीवर बसत नाही. त्याचा स्वतःचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८९ आहे. फायरवॉलमध्ये ‘ओएसपीएफचा पोर्ट कोणता’ हे शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही, कारण पोर्ट नसतोच. प्रोटोकॉल ८९ उघडावा लागतो.

क्लिअर करण्याआधी

प्रोसेस क्लिअर केली की नेबर किती वेळ उभा होता, किती वेळा स्टेट बदलली, रीट्रान्समिशन किती झाले, ही सगळी माहिती जाते. म्हणून आधी पुढच्या कमांडचे आउटपुट दोन्ही टोकांवर, शक्यतो एकाच वेळी, साठवून ठेवा. नावे सिस्को आयओएसची आहेत. एफआरआर या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरवर बरीचशी तशीच चालतात.

‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ – स्टेट आणि डेड टाइम.
‘शो आयपी ओएसपीएफ नेबर डिटेल’ – स्टेट बदलांची संख्या, नेबर किती वेळ उभा आहे.
‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ – एरिया (ओएसपीएफ नेटवर्कचा विभाग), नेटवर्क टाइप, टायमर, प्रायॉरिटी, ऑथेंटिकेशन.
‘शो आयपी इंटरफेस’ – आयपी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आणि लावलेली ॲक्सेस लिस्ट.
‘शो लॉगिंग’ – त्यातल्या एडीजेसीएचजी (नेबरची स्टेट बदलल्याची नोंद) असलेल्या ओळी.

दोन्ही टोके म्हणण्याला कारण आहे. एकाच टोकाचे आउटपुट अर्धी गोष्ट सांगते, आणि ओएसपीएफच्या बाबतीत ती अर्धी गोष्ट बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडे बोट दाखवते. डाउन, इनिट, टू-वे, एक्सस्टार्ट, एक्सचेंज, लोडिंग, फुल या क्रमाने नेबर वर चढतो. तो कोणत्या पायरीवर थांबला हे कळले की निम्म्याहून जास्त शक्यता तिथेच बाद होतात.

नेबर यादीतच नाही

इथे हॅलो पोहोचत नाही, किंवा पोहोचतो आणि फेकला जातो. दोन्हींत फरक करायला ‘डीबग आयपी ओएसपीएफ हॅलो’ आणि ‘डीबग आयपी ओएसपीएफ एडीजे’ पुरतात. गजबजलेल्या राउटरवर डीबग कन्सोलवर सोडू नका, बफरमध्ये घ्या.

हॅलो मुळात निघतो का ते आधी बघा. ‘पॅसिव्ह-इंटरफेस डीफॉल्ट’ लावून ठेवले आणि नवा इंटरफेस त्यातून वगळायला विसरले, हे फार वेळा घडते. ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’मध्ये टायमरच्या ओळीखाली ‘नो हॅलोज’ दिसले की शोध संपला. पॅसिव्ह इंटरफेस हॅलो पाठवत नाही आणि आलेला घेतही नाही. इंटरफेस त्या आउटपुटमध्येच नसेल तर नेटवर्क स्टेटमेंटचा वाइल्डकार्ड मास्क पाहा, इंटरफेस वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) नाही ना ते पाहा. सेकंडरी पत्त्यावर नेबर जुळवायचा प्रयत्नही फुकट जातो. हॅलो प्रायमरी पत्त्यावरूनच निघतो.

हॅलो येतो पण फेकला जातो, तेव्हा त्यातली एखादी किंमत जुळत नसते. जुळायलाच हव्यात अशा गोष्टी : एरिया क्रमांक, हॅलो इंटरव्हल, डेड इंटरव्हल, ऑथेंटिकेशन, स्टब किंवा एनएसएसए (बाहेरचे रूट मर्यादित ठेवणारे एरिया) यांचा फ्लॅग, आणि ब्रॉडकास्ट किंवा एनबीएमए (अनेक राउटर, पण ब्रॉडकास्ट नाही अशा) नेटवर्कवर सबनेट मास्क. पॉइंट-टू-पॉइंटवर मास्क तपासला जात नाही. त्यामुळे एका टोकाला /३० आणि दुसऱ्याला /२४ असूनही तिथे नेबर उभा राहू शकतो आणि ती चूक वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

टायमरच्या तफावतीला डीबगमध्ये ‘मिसमॅच्ड हॅलो पॅरामीटर्स’ अशी ओळ येते आणि तिच्याखाली डेड, हॅलो व मास्क यांच्यापुढे आर आणि सी अशी दोन अक्षरे. आर म्हणजे समोरून आलेली किंमत, सी म्हणजे आपल्याकडे लावलेली. ब्रॉडकास्ट आणि पॉइंट-टू-पॉइंटवर डीफॉल्ट १० आणि ४० सेकंद, एनबीएमए आणि पॉइंट-टू-मल्टिपॉइंटवर ३० आणि १२०. म्हणजे आर १०/४० आणि सी ३०/१२० दिसले तर टायमर हाताने बदलत बसू नका. नेटवर्क टाइप जुळत नाही, तो जुळवा. आणखी एक बारकावा असा की आयओएसवर हॅलो इंटरव्हल बदलला की डेड आपोआप त्याच्या चौपट होतो, पण डेड बदलला तर हॅलो जिथल्या तिथे राहतो.

एरिया जुळत नसेल तर येणारा मेसेज दिशाभूल करतो. एक टोक एरिया ० मध्ये आणि दुसरे एरिया १ मध्ये असेल, तर लॉग म्हणतो की एरिया आयडी जुळत नाही, बॅकबोन एरियाकडून आलेले पॅकेट व्हर्च्युअल लिंकचे असायला हवे, पण तशी लिंक सापडली नाही. हे वाचून व्हर्च्युअल लिंक बांधायला बसू नका. एका टोकाचा एरिया क्रमांक चुकलाय, एवढाच त्याचा अर्थ.

ऑथेंटिकेशनमध्ये टाइप ०, १ आणि २ असतात : काही नाही, साधा पासवर्ड, आणि क्रिप्टोग्राफिक. टाइप जुळत नसेल तर डीबग दोन्ही क्रमांक छापतो. टाइप जुळूनही अडत असेल तर एमडी५ मध्ये की-स्ट्रिंगइतकाच की-आयडीही जुळावा लागतो. कॉपी-पेस्ट करताना की-स्ट्रिंगच्या शेवटी आलेली रिकामी जागाही पासवर्डचाच भाग धरली जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. संशय आला तर की दोन्हीकडे काढून हाताने टाइप करा. की-चेन वापरत असाल तर राउटरचे घड्याळ पाहा. मुदत असलेली की आणि एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) नसलेला राउटर ही जोडी नेबर ठरावीक तारखेला पाडते, आणि तेही कॉन्फिगरेशनला कोणी हात लावलेला नसताना.

इनिटवर अडकणे

इनिट म्हणजे ‘मला त्याचा हॅलो ऐकू येतो, पण त्याच्या हॅलोत माझा राउटर आयडी नाही’. म्हणजे माझा हॅलो त्याच्यापर्यंत जात नाही. दोष तुमच्याकडून पलीकडे जाणाऱ्या दिशेत आहे. समोरच्या टोकाला आत येणाऱ्या ॲक्सेस लिस्टमध्ये प्रोटोकॉल ८९ अडला का, मधला स्विच मल्टिकास्ट गाळतोय का, डीएमव्हीपीएनच्या मॅपमध्ये मल्टिकास्ट किंवा फ्रेम रिलेच्या मॅपमध्ये ब्रॉडकास्ट हा शब्द लिहायचा राहून गेला का, फायबरची एकच तार तुटली का, हे पाहा. समोरच्या टोकाला नेबरच्या यादीत तुमचे नावही नसेल, तर निदान पक्के.

टू-वे : बहुतेक वेळा दोष नसतोच

एका इथरनेट सेगमेंटवर पाच राउटर असतील तर एक डीआर (सेगमेंटचा निवडलेला प्रमुख राउटर), एक बीडीआर (त्याचा राखीव) आणि उरलेले तीन डीआर-अदर. हे तिघे एकमेकांशी टू-वेवरच थांबतात आणि फक्त डीआर-बीडीआरशी फुल होतात. ते तसेच अपेक्षित आहे. तक्रार करण्यासारखा प्रकार एकच : सेगमेंटवर सगळेच टू-वेमध्ये. तेव्हा सगळ्यांची प्रायॉरिटी ० केलेली असते आणि डीआर व्हायला कोणी उरलेलेच नसते. एकाची प्रायॉरिटी १ किंवा जास्त करा. नंतर जास्त प्रायॉरिटीचा राउटर आला तरी चालू डीआर खुर्ची सोडत नाही, त्यामुळे ‘प्रायॉरिटी २५५ दिली तरी डीआर बदलत नाही’ ही तक्रार मात्र दोषाची नाही.

एक्सस्टार्ट आणि एक्सचेंज : एमटीयू

पुन्हा पुन्हा येणारी दुखणी सर्वांत जास्त इथली. हॅलो छोटा असतो, त्यात एमटीयू नसतो, म्हणून टू-वेपर्यंत सगळे सुरळीत चालते. एक्सस्टार्टमध्ये पहिल्यांदा डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेट (आपल्या डेटाबेसची यादी देणारे) निघते आणि त्यात इंटरफेसचा एमटीयू लिहिलेला असतो. आरएफसी २३२८ चा नियम असा की समोरच्याने लिहिलेला एमटीयू आपल्यापेक्षा मोठा असेल तर ते पॅकेट फेकायचे. लहान असेल तर चालते.

नियम एकतर्फी असल्याने दोन्ही टोकांना चित्र वेगळे दिसते. समजा, अ राउटरचा एमटीयू १५०० आणि ब चा ९०००. ब ची पॅकेटे अ फेकतो, त्यामुळे अ कायम एक्सस्टार्टवर. अ चा राउटर आयडी मोठा असेल तर ब त्याला मास्टर मानून स्वतः स्लेव्ह होतो आणि एक्सचेंजमध्ये जातो. अ चा आयडी लहान असेल तर ब सुद्धा एक्सस्टार्टवरच थांबतो. म्हणजे एक टोक एक्सस्टार्ट व दुसरे एक्सचेंज दिसले तर एक्सस्टार्टवाल्याचा एमटीयू लहान आहे, हे कॉन्फिगरेशन न उघडताही जवळजवळ खात्रीने सांगता येते. पॅकेट दर ५ सेकंदांनी पुन्हा पाठवले जाते. आयओएसवर सुमारे दोन मिनिटांनी ‘टू मेनी रीट्रान्समिशन्स’ म्हणून नेबर पडतो, थोडा थांबतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. ‘नेबर दर काही मिनिटांनी पडतो’ म्हणतात तो बऱ्याचदा पडत नसतो. तो कधी उभाच राहिलेला नसतो.

कंपन्या वेगळ्या असल्या की एमटीयूची मोजणीही वेगळी. सिस्को आयओएसवर इथरनेट इंटरफेसचा एमटीयू १५०० म्हणजे आयपी पॅकेट १५००. जुनोस आणि आयओएस एक्सआरवर इंटरफेसच्या एमटीयूत १४ बाइटचा इथरनेट हेडरही धरतात, म्हणून तिथे डीफॉल्ट १५१४. जंबो फ्रेम लावताना दोन्हीकडे ९००० टाकले की एकीकडे आयपीला ९००० आणि दुसरीकडे ८९८६ मिळतात, आणि नेबर एक्सस्टार्टवर बसतो. जुनोस किंवा एक्सआरच्या टोकाला ९०१४ टाका, व्हीलॅन टॅग असेल तर त्याचे ४ बाइट वेगळे धरा, आणि शेवटी इंटरफेसचा नव्हे, दोन्हीकडचा आयपी एमटीयू ताडून पाहा. जीआरई टनेलवरही हेच : डीफॉल्ट १४७६, आणि एका टोकाला कोणीतरी १४०० करून ठेवलेले असते.

‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ ही कमांड जिथे तिथे सुचवली जाते. तिने तपासणी बंद होते, पाइप रुंद होत नाही. मोठ्या टोकाकडून निघालेले मोठे पॅकेट लहान टोकाला जाऊन हरवतेच; फरक इतकाच की आता ते लगेच न हरवता डेटाबेस वाढल्यावर हरवते. रात्री लिंक उभी करायचीच आहे आणि समोरचे टोक तुमच्या ताब्यात नाही, एवढ्यापुरती ती ठीक. कायमची ठेवू नका.

एमटीयू जुळूनही एक्सस्टार्टवरच अडत असेल तर युनिकास्ट पाहा. हॅलो मल्टिकास्टने जातो, पण ब्रॉडकास्ट नेटवर्कवर डेटाबेस डिस्क्रिप्शन नेबरच्या पत्त्यावर थेट युनिकास्टने जाते. २२४.०.०.५ ला परवानगी देऊन इंटरफेसचा पत्ता विसरलेली ॲक्सेस लिस्ट नेमकी इथे अडवते. दोन्ही राउटरचा राउटर आयडी एकच असेल तर मात्र इथवर येण्याचीही वेळ येत नाही. आयओएस लॉगमध्ये डुप्लिकेट राउटर आयडी असे स्पष्ट लिहितो. कॉन्फिगरेशनची नक्कल करून नवा राउटर उभा केला की हे होते. राउटर आयडी बदलल्यावर प्रोसेस क्लिअर करावीच लागते, त्याशिवाय नवा आयडी लागू होत नाही.

लोडिंग : छोट्या नेटवर्कवर चालते, वाढले की अडते

दोन्ही टोकांचा एमटीयू १५००, पण मधल्या सेवापुरवठादाराच्या लेयर २ लिंकवर प्रत्यक्षात १४०० च जातात. एमटीयूची तपासणी पास होते, कारण ती फक्त दोन टोकांच्या किमती पाहते. नवी लिंक लावली त्या दिवशी सगळे फुल. काही महिन्यांनी, कोणी काही न बदलता, नेबर एक्सचेंज किंवा लोडिंगवर अडकू लागतो.

हिशेब करून पाहा. डेटाबेस डिस्क्रिप्शनमध्ये २० बाइट आयपी हेडर, २४ ओएसपीएफ हेडर, ८ स्वतःचे, आणि मग प्रत्येक एलएसएचा (राउटरने जाहीर केलेल्या लिंक किंवा रूटच्या नोंदीचा) २० बाइटचा हेडर. १४०० मध्ये असे ६७ हेडर मावतात, १५०० मध्ये ७२. डेटाबेस तेवढा होईपर्यंत पॅकेट १४०० ओलांडत नाही. लिंक स्टेट अपडेट त्याहून लवकर भरते, कारण त्यात पूर्ण एलएसए असतो : एक एक्स्टर्नल एलएसए (बाहेरून आणलेल्या एका रूटची नोंद) ३६ बाइटचा, म्हणजे १५०० च्या पॅकेटात ४० आणि १४०० मध्ये ३७. म्हणूनच एक्सचेंज पार होते आणि लोडिंगवर घोडे अडते. कोणीतरी स्टॅटिक रूट रीडिस्ट्रिब्यूट करतो आणि दुसऱ्या कुठल्यातरी कोपऱ्यातला नेबर पडतो, हा योगायोग नसतो.

तपासायला मोठा, न तुटणारा पिंग लागतो. आयओएसवर साइझ १५०० आणि डीएफ-बिट. तिथे साइझमध्ये आयपी हेडर धरलेला असतो. जुनोस आणि लिनक्सवर पेलोड द्यायचा असतो, म्हणून १४७२. तो गेला नाही तर १४५०, १४०० असे उतरत जा, खरी मर्यादा सापडते. मग दोन्ही टोकांचा आयपी एमटीयू तेवढा खाली आणा, किंवा सेवापुरवठादाराकडून लिंकची मर्यादा वाढवून घ्या. एकाच टोकाला कमी केलात तर पुन्हा एक्सस्टार्ट.

फुल आहे, पण रूट नाहीत

एका टोकाला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट, दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट. दोन्हींचे टायमर १०/४०, म्हणून नेबर फुल होतो आणि टिकतोही. पण एक जण आपल्या राउटर एलएसएमध्ये लिंक ट्रान्झिट म्हणून लिहितो आणि दुसरा थेट राउटरकडे जाणारी म्हणून. दोन वर्णने जुळत नाहीत आणि एसपीएफला (सर्वांत छोटा मार्ग काढणाऱ्या गणिताला) त्या राउटरकडे जायचा मार्गच सापडत नाही. ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’मध्ये ‘ॲडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल’ ही खूण दिसते. त्याहून सोपी खूण नेबर टेबलमध्ये असते : एका बाजूला फुलपुढे नुसती आडवी रेघ, दुसऱ्या बाजूला फुलपुढे डीआर किंवा बीडीआर. दोनच राउटर असलेल्या इथरनेट लिंकवर दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट करणे उत्तम. डीआर निवडणुकीसाठीची ४० सेकंदांची वाटही वाचते.

फुल होऊन काही वेळाने पडतो

आता लॉग वाचायचा. आयओएसवर एडीजेसीएचजी ओळीच्या शेवटी कारण लिहिलेले असते.

‘इंटरफेस डाउन’ असेल तर ओएसपीएफकडे बघूच नका. केबल, एसएफपी, पोर्टच्या एरर पाहा. ‘बीएफडी नोड डाउन’ असेल तर बीएफडीचे (लिंक तुटल्याचे झटपट ओळखणाऱ्या प्रोटोकॉलचे) टायमर पाहा. ५० मिलिसेकंद गुणिले ३ म्हणजे १५० मिलिसेकंदांत निकाल. सीपीयूवर चालणाऱ्या बीएफडीला हे झेपत नाही. तिथे ३०० गुणिले ३ ठेवावे.

‘डेड टायमर एक्स्पायर्ड’ असेल तर ज्या टोकाने हे लिहिले त्याला ४० सेकंद हॅलो मिळालेला नाही. दुसऱ्या टोकाच्या लॉगमध्ये त्याच वेळी बहुधा ‘फुलवरून इनिट, वन-वे’ असते, म्हणजे त्याला हॅलो मिळत होते. दोन ओळी शेजारी ठेवल्या की हरवण्याची दिशा कळते : वन-वे लिहिणाऱ्याकडून डेड टायमर लिहिणाऱ्याकडे. दोघांनीही डेड टायमर लिहिला असेल तर लिंक दोन्हीकडून आंधळी झाली होती.

नेबर अजून उभा असताना ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ चार-पाच वेळा चालवून डेड टाइमचा रकाना पाहा. तो ४० वरून ३० पर्यंत उतरून परत ४० व्हायला हवा. मधूनच २२, १४ असे आकडे दिसले तर हॅलो आत्ताच गळताहेत आणि पुढचा पाडाव दूर नाही. गळतीची कारणे : भरलेली लिंक आणि क्यूओएसमध्ये (ट्रॅफिकला प्राधान्य देणाऱ्या व्यवस्थेत) सीएस६ म्हणजे राउटिंगच्या पॅकेटांना जागा नाही, कंट्रोल प्लेन पोलिसिंगची (राउटरच्या सीपीयूकडे जाणाऱ्या पॅकेटांवरची) मर्यादा फार कमी, सीपीयू १०० टक्क्यांवर. डेड टायमर १२० करून लक्षण लपते. मग लिंक खरोखर मेली की ट्रॅफिक दोन मिनिटे खड्ड्यात जाते.

मध्ये स्विच असतील तर स्पॅनिंग ट्रीचा हिशेब करा. जुन्या ८०२.१डी मध्ये दूरची लिंक तुटली की मॅक्स एज २० अधिक लिसनिंग १५ अधिक लर्निंग १५, म्हणजे ५० सेकंद पोर्ट बंद राहू शकतो. डेड टायमर ४० चा. एका स्विचची लिंक हलली की भलत्याच दोन राउटरमधला नेबर पडतो, तो या १० सेकंदांच्या फरकाने. रॅपिड स्पॅनिंग ट्री लावा.

टनेलवरचा नेबर घड्याळ लावल्यासारखा ठरावीक अंतराने उठत-पडत असेल तर रिकर्सिव्ह राउटिंग समजा. टनेल उभे राहते, नेबर फुल होतो, त्यातून टनेलच्याच डेस्टिनेशनचा रूट टनेलमार्गे शिकला जातो, टनेल स्वतःच्याच पोटातून जाऊ पाहते आणि पडते. रूट जातो, टनेल परत उठते. आयओएस ‘टेम्पररिली डिसेबल्ड ड्यू टू रिकर्सिव्ह राउटिंग’ असे लिहितो. मूळ बहुतेकदा ‘नेटवर्क ०.०.०.० २५५.२५५.२५५.२५५ एरिया ०’ या आळशी ओळीत असते, जी बाहेरचा इंटरफेसही ओएसपीएफमध्ये ओढते. ओएसपीएफ हव्या त्याच इंटरफेसवर सुरू करा आणि टनेल डेस्टिनेशनसाठी फिजिकल इंटरफेसमार्गे /३२ चा स्टॅटिक रूट ठेवा.

व्हर्जन ३ वापरत असाल तर

आयपीव्ही६ साठीच्या ओएसपीएफव्ही३ मध्ये वरचे जवळजवळ सगळे लागू आहे, एमटीयूसकट. फरक थोडे. हॅलो लिंक-लोकल पत्त्यावरून एफएफ०२::५ कडे जातो, त्यामुळे ॲक्सेस लिस्टमध्ये एफई८० चे पत्ते सुटले पाहिजेत. फक्त ग्लोबल पत्त्यांना परवानगी दिलेली लिस्ट नेबर उभा राहू देत नाही. मास्क तपासला जात नाही. इन्स्टन्स आयडी दोन्हीकडे एकच हवा. आणि राउटर आयडी अजूनही ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे ज्या राउटरवर एकही आयपीव्ही४ पत्ता नाही तिथे तो हाताने दिल्याशिवाय प्रोसेस सुरूच होत नाही.